देणगीच्या दिवसासाठी घेतलेला स्वेटर

‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या ख्रिसमस जंपर डेला, म्हणजे २०१२ पासून ब्रिटनमधील शाळकरी मुले नाताळचे स्वेटर घालून देणगी देतात त्या दिवसासाठी, लंडनमधील एका सुपरमार्केटमधून मुलीकरिता १२ पौंडांचा स्वेटर घेतला. रेनडियरचे लाल नाक दाबले की लुकलुकते, एवढीच त्याची करामत. तीही जेमतेम दुपारपर्यंत टिकली. ॲक्रिलिकचा असल्याने तो गळ्याशी टोचतो आणि पहिल्याच धुण्यात कोपरांवर बारीक गोळे आले. देणगी १ पौंड आणि खर्च १२, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. शाळेच्या फाटकाशी पालकांनी जुने स्वेटर मांडले होते. तेथे २ पौंडांत याहून उबदार, लोकरीचा मिळाला असता आणि ते पैसेही देणगीतच गेले असते.