क्रूझवरून बाटल्या घरी आणण्यासाठी घेतलेले झिपवाले पाऊच, सहा बाटल्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, पाचपैकी चार स्टार, आणि एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय. पण घेण्याआधी पूर्ण वाचा कारण नुसतं पाऊच चांगला असून भागत नाही, तो कधी आणि कशात वापरायचा हे पण तितकंच महत्त्वाचं आहे.

सहा पाऊचचा सेट आहे. बाहेरून जाड पारदर्शक प्लास्टिक, आतून बबल रॅपचा थर, तोंडाला झिपलॉकच्या दोन पट्ट्या आणि त्यावर दुमडून चिकटवायला वेल्क्रो. बाटली आत सरकवायची, हवा दाबून काढायची, दोन्ही पट्ट्या बंद करायच्या, तोंड दुमडायचं, झालं. धुऊन परत वापरता येतात.

मी हे घेतले कारण मागच्या क्रूझला आमची रेड वाइनची बाटली सूटकेसमध्ये फुटली होती. जीन्समध्ये गुंडाळून मधोमध ठेवली होती, सगळे असंच सांगतात ना की कपड्यांत गुंडाळा काही होत नाही, तर होतं. नवऱ्याचे सगळे शर्ट गेले, सूटकेसचं अस्तर गेलं, आणि काचेचे तुकडे कपड्यांतून वेचताना बोट कापलं ते वेगळंच. तेव्हाच ठरवलं की परत बाटल्या आणायच्या तर नीट आणायच्या.

या वेळी पूर्व कॅरिबियनची सात रात्रींची क्रूझ होती, फ्लोरिडातून निघून परत फ्लोरिडात, आणि मग तिथून अमेरिकेतल्या अमेरिकेतच विमानाने घरी. आम्ही तिघं, मी, नवरा आणि माझे सासरे. बाबांना रमची मनापासून आवड, कुठली रम कुठल्या बेटाची हे त्यांना तोंडपाठ, त्यामुळे बाटल्या येणार हे आधीच नक्की होतं.

निघण्याआधी मी सगळे पाऊच पाणी भरून, पट्ट्या बंद करून बाथटबमध्ये रात्रभर उलटे ठेवले. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं कारण सहापैकी एक पाऊच कोपऱ्यातून थेंब थेंब गळत होता, झिपची पट्टी प्लास्टिकला जिथे जोडलीये तिथून. नुसतं बघून ते अजिबात कळलं नसतं. विकणाऱ्याला फोटो पाठवला, त्यांनी काही न विचारता दुसरा पाठवला, तो पण तसाच तपासला, तो ठीक निघाला. बाटली फुटली तर बबल रॅप ती वाचवेल न वाचवेल, पण आतलं बाहेर येता कामा नये, यासाठीच तर आपण पैसे देतो.

आता खरेदी. सेंट थॉमसला उतरलो, ते यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये येतं आणि बाटल्यांच्या बाबतीत त्याने खूप फरक पडतो. अमेरिकेत परत येताना साधारण नियम माणशी १ लिटर ड्युटी फ्री, वय २१ पूर्ण पाहिजे. पण यूएस व्हर्जिन आयलंड्समधून येताना माणशी ५ लिटरपर्यंत चालतं, अट अशी की पूर्ण ५ लिटर आणायची तर त्यातली किमान ४ लिटर तिथेच घेतलेली हवी आणि किमान १ लिटर तिथेच बनलेली हवी. म्हणून लेबल वाचा, कुठे बनली ते छापलेलं असतं, आणि पावत्या जपून ठेवा. बाबांनी क्रूझन रमच्या दोन बाटल्या घेतल्या, ती शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर बनते आणि तिची परंपरा १७६० पासूनची सांगतात. तिथेच एक रम क्रीम घेतली, शिवाय बूचवाली एक जुनी मुरवलेली रम घेतली. पुढे सेंट मार्टेनला ग्वावाबेरी लिकर घेतली, तिथल्या रानातल्या ग्वावाबेरीपासून रममध्ये करतात, आणि जहाजावरच्या दुकानातून १ लिटरची व्हिस्की. अशा सहा बाटल्या, तिघांत मिळून मर्यादेच्या बऱ्याच आत.

जहाजाच्या सर्व्हिसबद्दल पण लिहिते कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे माहीत नसतं. बंदरावरून परत चढताना गँगवेच्या, म्हणजे जहाजात चढायच्या पुलाच्या, आत एक्स-रे मशीन असतं, बाटली दिसली की बाजूच्या टेबलवर घेतात, केबिन नंबर लिहून चिठ्ठी देतात आणि बाटली प्रवास संपेपर्यंत त्यांच्याकडे राहते. जहाजावरच्या दुकानातली बाटली पण लगेच हातात मिळत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळं केबिनमध्ये आणून दिलं. काही जहाजांवर आपण जाऊन घ्यावं लागतं, त्यामुळे चिठ्ठी घेतानाच विचारून ठेवा. आमच्या सहाच्या सहा बाटल्या बरोबर आल्या, ही सर्व्हिस मला अगदी व्यवस्थित वाटली, फक्त एकीवर शेजारच्या केबिनचा नंबर होता तो आम्ही चिठ्ठी दाखवून लगेच दुरुस्त करून घेतला. चिठ्ठी फेकू नका एवढंच.

बाटल्या आल्या आणि खरा प्रश्न तिथे सुरू झाला. बाबा म्हणाले, "अगं व्हिस्की ड्युटी फ्रीची आहे ना, पिशवीत घालून दिलीये, मी विमानात हातात घेऊन बसतो." मी म्हटलं, "बाबा, नाही चालणार, तुम्हाला सिक्युरिटीला सोडून द्यावी लागेल." त्यांना पटेना, शेवटी नवऱ्याने एअरलाइनचा नियम काढून दाखवला. विमानतळावर सिक्युरिटीतून हातातल्या बॅगेत १०० मिलीलिटरपेक्षा मोठी बाटली जात नाही. ड्युटी फ्रीची सूट आहे, पण ती परदेशातून विमानाने येऊन पुढचं विमान पकडणाऱ्यांना, आणि ती पण दुकानाने खास सीलबंद पारदर्शक पिशवीत दिलेली आणि ४८ तासांच्या आत घेतलेली असेल तर. जहाजावरून उतरून विमानतळावर जाणारा माणूस यात बसत नाही, जहाजाच्या दुकानातली पिशवी कितीही छान चिकटवलेली असू दे. बाबांसारखंच समजून किती जण बाटल्या हातात घेऊन विमानतळावर पोचतात, आणि तोवर सूटकेस बेल्टवरून निघून गेलेली असते. मग एक तर परत काउंटरवर जाऊन दुसरी बॅग चेक-इन करा, नाहीतर बाटली सोडून द्या. म्हणून बाटली चेक-इन सूटकेसमध्येच जाणार हे धरून चाला, आणि म्हणूनच पाऊच.

सूटकेसचे पण नियम आहेत. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर मर्यादा नाही, वाइन, बिअर, बऱ्याचशा क्रीम लिकर यात येतात. २४ च्या वर ७० पर्यंत माणशी ५ लिटर, आणि न उघडलेली, दुकानातून आली तशीच पॅक असलेली. ७० च्या वर अजिबात नाही, ना हातात ना सूटकेसमध्ये. बंदरांवर १५१ प्रूफची रम सर्रास मिळते, म्हणजे ७५.५ टक्के, आणि लोक हौसेने घेतात. आमच्या शेजारच्या टेबलवरच्या एका काकांनी दोन घेतल्या होत्या, मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. ते गाडीने घरी जाणाऱ्या आपल्या मित्राला देऊन आले. घेण्याआधी लेबलवरचे टक्के बघा प्लीज.

पॅकिंग आम्ही शेवटच्या रात्री केलं. आधी प्रत्येक झाकणाभोवती क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळली, सील न उघडता, मग पाऊच, मग मऊ कपडे. बाटल्या सूटकेसच्या मधल्या भागात, चाकांच्या बाजूला नाही, आणि दोन बाटल्या एकमेकींना लागणार नाहीत अशा, मध्ये जाड कपडा. वजनाचा अंदाज आधी घ्या, ७५० मिलीलिटरची भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची असते, सहा बाटल्यांचे आठ-नऊ किलो झाले, आणि आमच्या तिकिटावर एका सूटकेसला २३ किलो होते, म्हणून दोन सूटकेसमध्ये वाटून घातल्या. अजून एक केलं, शेवटच्या रात्री सूटकेस केबिनबाहेर ठेवायची असते ती आम्ही ठेवली नाही, सकाळी स्वतःच घेऊन उतरलो. तो पर्याय जवळजवळ सगळीकडे असतो. बाहेर ठेवलेल्या बॅगा मोठ्या पिंजऱ्यांत एकावर एक रचतात, तेवढा एक धक्का वाचला. खाली कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं, आम्ही सहा बाटल्या कुठून कुठून घेतल्या ते सरळ सांगितलं, पावत्या हातात तयार होत्या, दोन मिनिटं पण लागली नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त असलं तरी लपवू नका, सांगितलं तर साधारणपणे ड्युटी आणि टॅक्स भरून सुटतं, लपवलं आणि सापडलं तर प्रकरण वाढतं. तुम्ही ज्या राज्यात उतरणार तिथले दारू आणण्याचे नियम वेगळे असू शकतात ते पण आधी बघा.

घरी येऊन सूटकेस उघडली तेव्हा छातीत धडधडत होतं खरं सांगते. पाच बाटल्या जशाच्या तशा. सहावी, ती बूचवाली रम, तिच्या पाऊचच्या तळाला साधारण दोन-तीन चमचे रम साचलेली होती. बाटली फुटली नव्हती, बुचाच्या कडेने गळली होती. विमानाच्या पोटात पण हवेचा दाब राखलेला असतो पण तो जमिनीइतका नसतो, केबिनसारखाच ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका उतरू शकतो, मग बाटलीच्या गळ्यातली हवा फुगते आणि आडव्या बाटलीचं बूच थोडं सैल असेल तर बाहेर ढकलते. क्लिंग फिल्म होती तरी झालं. पण पाऊचच्या बाहेर एक थेंब नाही! त्याला लागून माझी पांढरी सलवार होती, कोरडी ठणठणीत. तिथे मला कळलं की कपड्यांत गुंडाळणं आणि बबल रॅप चिकटवणं यात आणि या पाऊचमध्ये नेमका काय फरक आहे, ते दोन्ही धक्का सोसतात पण गळती अडवत नाहीत, आणि गळती फुटण्यापेक्षा जास्त वेळा होते असं आता मला वाटतं. यापुढे मी जमेल तिथे फिरकीच्या झाकणाचीच बाटली निवडणार.

आता तो कापलेला स्टार. एक तर तो गळका पाऊच, सहात एक म्हणजे थोडं नाहीये, ज्यांनी तपासला नाही त्यांचं नशीब. दुसरं म्हणजे माप. नेहमीची उंच गोल ७५० ची बाटली मस्त बसते. १ लिटरची व्हिस्की बसली पण वेल्क्रो जेमतेम पोचला, आणि खांद्याला रुंद, चौकोनी बाटली असेल तर झिपच्या दोन्ही पट्ट्या सपाट बसतच नाहीत, मध्ये ताण येतो. रम क्रीमची बाटली बुटकी आणि रुंद होती, तिच्यासाठी नवऱ्याला वीस मिनिटं झटापट करावी लागली आणि शेवटी वरून टेप लावावी लागली. १.७५ लिटरची बाटली तर यात जाणारच नाही, वर्णनात "सर्व मापांसाठी" लिहिलंय ते काढून टाकायला हवं. मोठ्या मापाचे दोन आणि नेहमीचे चार असा सेट दिला तर मी पाच स्टार देईन.

बबलचा थर टिकाऊ आहे, एकही फुगा फुटला नाही. गळती झालेला पाऊच कोमट पाण्याने आणि साबणाने धुतला, उलटा वाळत घातला, रमचा वास दोन दिवस होता मग गेला. परत पाणी भरून रात्रभर ठेवून बघितला, अजून गळत नाहीये.