ओडीके की डीएचआयएस२: पशुरोगांच्या नोंदींसाठी काय निवडावं?

पशुरोगांच्या नोंदी कागदावरून मोबाइलवर न्यायच्या ठरल्या की चर्चा फिरून फिरून दोन नावांपाशी येते, ओडीके (फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करण्याचं साधन) आणि डीएचआयएस२ (आरोग्याच्या नोंदी आणि अहवाल ठेवणारी प्रणाली). दोन्ही मुक्त स्रोत आहेत, दोन्ही नेटवर्कशिवाय चालतात, दोन्हींत फोटो आणि जीपीएस घेता येतं. हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी अडीच वर्षं पहिल्यावर काम केलं आणि नंतर दुसऱ्यावर आलो. का आलो, ते जरा सविस्तर सांगतो. तुमची गरज वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

आधी ओडीकेबद्दल, कारण त्याच्यावर माझा जीव आहे. फॉर्म एक्सेलच्या पानावर बनतो. लाळ्या-खुरकूताची शंका असेल तरच 'खुरांच्या बेचक्यात जखमा आहेत का' हा प्रश्न उघडावा, एवढं एका रकान्यात लिहिलं की काम झालं. दुपारी बसलं की संध्याकाळी फॉर्म सगळ्यांच्या फोनवर. नव्या सहकाऱ्याला क्यूआर कोड दाखवायचा, त्याने तो स्कॅन केला की तो कामाला लागला. पासवर्ड विसरणं नाही, पहिल्या लॉगिनसाठी नेटवर्क शोधत हिंडणं नाही. गोठ्यात उभं राहून, एका हातात म्हशीचं दावं आणि दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेतही लोक तो भरतात. मेलेल्या जनावरांचा आकडा आजारी जनावरांपेक्षा मोठा टाकला तर फोन तिथल्या तिथे अडवतो. ही सोय किती मोलाची आहे, हे पुढे आठवडाभराने फोन करून आकडे दुरुस्त करून घेणाऱ्यालाच कळतं.

डीएचआयएस२ बरोबरचे पहिले दोन महिने माझे जिकिरीचे गेले. ही प्रणाली माणसांच्या आरोग्यसेवेतून आली. १९९४ नंतरच्या दक्षिण आफ्रिकेत तिची मुळं आहेत आणि ऑस्लो विद्यापीठाने ती वाढवली. तिच्या पोटात सगळ्यात आधी एक झाड रचावं लागतं: वर देश, खाली प्रांत, त्याखाली जिल्हा, शेवटी दवाखाना. प्रत्येक नोंद कुठल्या तरी फांदीवर बसलीच पाहिजे. माणूस आजारी पडला तर दवाखान्यात जातो. जनावरांच्या बाबतीत दवाखानाच कळपाकडे जातो, आणि कळप चरत चरत दुसऱ्याच्या हद्दीत गेलेला असतो. मेंढ्यांचा एक कळप तीन कार्यक्षेत्रांच्या सीमेवर हिंडत होता, त्याची नोंद कुणाच्या नावावर घालायची यावर आमच्या दोन बैठका झाल्या. शेवटी नियम केला: नोंद पाहणाऱ्याच्या फांदीवर, आणि जागा मात्र जीपीएसने, जिथे जनावर दिसलं तिथली. हा नियम तुम्ही पहिल्याच दिवशी करा. झाड एकदा चुकलं की नंतर ते हलवताना जुने आकडेही हलतात.

शिवाय या प्रणालीला सर्व्हर सांभाळणारं आणि रचना समजणारं एक तरी कायमचं माणूस लागतं. असं माणूस मिळणार नसेल तर पुढचं सगळं वाचूनही ओडीकेच घ्या, असं मी मनापासून सांगेन.

तरीही मी बदललो ते एका त्रासामुळे.

ओडीकेच्या दिवसांत दर सोमवारी सकाळी मी नकाशा उघडायचो. एक ठिपका म्हणजे एका शंकास्पद रोगाची खबर. उत्तरेकडच्या एका पट्ट्यात सहा आठवडे एकही ठिपका उमटला नव्हता. मासिक आढाव्यात तो भाग शांत म्हणून नोंदवला गेला, आणि ती ओळ मीच लिहिली होती. मग शेजारच्या भागातून शेळ्यांचे नमुने आले, प्रयोगशाळेने पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा तो साथीचा विषाणूजन्य रोग, असल्याचं कळवलं. शेळ्या आणल्या कुठून, हे विचारत विचारत मागे गेलो तर माग थेट त्या पट्ट्यात पोहोचला. तिथल्या सहकाऱ्याला फोन लावला. तो दीड महिन्यापूर्वीच दुसरीकडे गेला होता आणि त्याची जागा रिकामी होती. गावात जाऊन पाहिलं तेव्हा एका मालकाने आवारामागची ओली माती दाखवली. तिथे त्याने तेरा करडं पुरली होती. नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग जुलाब, सगळं त्याने नीट क्रमाने सांगितलं. सांगायला तो तयारच होता, विचारायला कुणी गेलं नव्हतं.

नकाशावरची ती पांढरी जागा आणि खरोखर रोगमुक्त भागाची पांढरी जागा, दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. घोडं अडलं ते इथे.

यावर ओडीकेत उपाय नाही असं नाही. आम्ही साप्ताहिक 'काही आढळलं नाही' असा छोटा फॉर्म सुरू केला. लोक तो भरायलाही लागले. पण कुणाकुणाचा आला नाही, हे सांगणार कोण? आलेल्या फॉर्मची यादी प्रणाली देते, न आलेल्यांची यादी आपण वेगळी ठेवायची. मग माझ्याकडे चौसष्ट जणांची एक एक्सेल फाइल आली आणि सोमवारची सकाळ तिच्यात जायला लागली. एकाच माणसाचं नाव तीन पद्धतींनी लिहिलेलं. कुणी दोनदा पाठवलेलं. एकाच्या फोनची तारीख चुकलेली, म्हणून त्याचा आठवडा भलतीकडे जमा. सुट्टीवर गेलेल्याच्या बदली दुसऱ्याने भरलेलं. हाताशी चांगला प्रोग्रामर असेल तर हे सगळं आपोआप जुळवणारा तक्ता तो बांधून देईल, आणि काही ठिकाणी लोकांनी तो बांधलाही असेल. आमच्याकडे तसं माणूस नव्हतं. आठ महिने मी हातानेच जुळवलं.

डीएचआयएस२ मध्ये हा हिशोब मुळातच आहे. साप्ताहिक अहवाल चौसष्ट फांद्यांना नेमून दिला की कितींकडून यायला हवा होता आणि किती आले, ते टक्क्यांत दिसतं. वेळेवर किती आले तेही वेगळं दिसतं. सोमवारी आता मी नकाशा उघडतच नाही, आधी ती यादी उघडतो. नकाशा त्यानंतर.

यातही दोन खाचखळगे आहेत, आणि ते आम्हाला कुणी सांगितले नव्हते. पहिला: अहवाल 'आला' हे प्रणाली आकड्यांवरून ठरवत नाही, भरणाऱ्याने 'पूर्ण' हे बटण दाबलं का यावरून ठरवते. सगळे आकडे भरून बटण राहिलं तर तो माणूस न पाठवणाऱ्यांत जातो, आणि रिकाम्या पानावर बटण दाबलं तर पाठवणाऱ्यांत. प्रशिक्षणात यावर अर्धा तास तरी द्या. दुसरा खळगा जास्त खोल आहे. मुळातल्या मांडणीत ही प्रणाली शून्य हा आकडा साठवतच नाही. प्रत्येक माहिती-घटकाच्या, म्हणजे अहवालातल्या एकेका आकड्याच्या, मांडणीत 'शून्य साठवा' अशी एक खूण करावी लागते, तेव्हा कुठे तो साठतो. ती खूण राहिली तर तुमच्या माणसाने नेमाने टाकलेली शून्यं हवेत विरतात. आमची पहिल्या तीन आठवड्यांची गेली.

या शून्याला मी एवढं का धरून बसलोय, ते बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथरोगाच्या, इतिहासावरून कळेल. जगातला बुळकांडीचा शेवटचा उद्रेक २००१ मध्ये केनियात, रानम्हशींमध्ये, नोंदला गेला. रोग संपल्याची घोषणा झाली २०११ मध्ये. मधली दहा वर्षं रोग कुठे दिसत नव्हता, पण देशोदेशी लोक शोधत राहिले, नमुने तपासत राहिले, नसल्याचे पुरावे गोळा करत राहिले. कारण कुणी काही कळवलं नाही, एवढ्यावर कुठलाही देश रोगमुक्त ठरत नाही. आता पीपीआरसाठी २०३० चं उद्दिष्ट ठेवलेलं आहे, आणि तिथेही शेवटची वर्षं शून्यं मोजण्यातच जाणार.

बाकीचे मुद्दे चटकन. त्याच कळपाला दुसरी भेट दिली तर ती पहिल्या नोंदीला जोडता यावी, यात डीएचआयएस२ चा ट्रॅकर पूर्वी बराच पुढे होता. ओडीकेत 'एंटिटी' ही सोय आल्यापासून ते अंतर बरंच मिटलं आहे. प्रयोगशाळेचा निकाल मूळ खबरीला जोडणं दोन्हीकडे सारखंच अवघड आहे. नळीवर छापील बारकोड चिकटवा आणि तोच फोनने स्कॅन करा, हाताने नमुना क्रमांक लिहूच देऊ नका. यादीतल्या रोगाचं निदान पक्कं झाल्यावर २४ तासांत जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवायचं असतं. ते काम दोन्ही प्रणाली स्वतःहून करत नाहीत. म्हणून संवेदनक्षम (रोग होऊ शकेल अशी), आजारी, मृत, मारून विल्हेवाट लावलेली हे रकाने पहिल्यापासून संघटनेच्या वाहिस प्रणालीतल्यासारखेच ठेवा, म्हणजे ऐन गडबडीत आकडे मोडून जोडावे लागत नाहीत. हाताशी काहीच तयारी नसेल तर अन्न व कृषी संघटनेचं 'ईएमए-आय' हे तयार ॲपही पाहून घ्या.

जनावरांची ये-जा टिपायची असेल तर मात्र या दोन्हींच्या भरवशावर राहू नका. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूताचं पहिलं निदान झालं तोवर मेंढ्या बाजारांमधून देशभर पोहोचल्या होत्या आणि पन्नासहून अधिक ठिकाणी लागण झालेली होती. गाई-बैलांचा माग काढणारी संगणकीय प्रणाली तिथे १९९८ पासून होती, मेंढ्यांची प्रत्येकी ओळख नव्हती. पुढे ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. त्या कामाला कानातल्या बिल्ल्यावर आधारलेली स्वतंत्र नोंदवहीच लागते.

आमच्याकडे ओडीके अजून आहे. उद्रेकाचा तपास, लसीकरणानंतरची पाहणी, चार-सहा महिन्यांचा एखादा अभ्यास, यांसाठी मी आजही त्याच्याकडेच जातो, आणि तुमचं काम एवढंच असेल तर डीएचआयएस२ चा पसारा मांडू नये असं मला वाटतं. पण आठवड्यामागून आठवडा, वर्षानुवर्षं पाळत ठेवायची असेल तर माझं पारडं डीएचआयएस२ कडे झुकतं. सुरुवात मोठी नको. साप्ताहिक अहवालात आम्ही पाचच ओळी ठेवल्या: लाळ गळणं आणि लंगडणं, नाकाडोळ्यांतून स्राव आणि जुलाब, अंगावर गाठी, गर्भपात, अचानक मृत्यू. प्रत्येकीसमोर आकडा, शून्य असलं तरी. भरायला दोन मिनिटं लागतात. सविस्तर फॉर्म फक्त काही आढळलं तरच उघडतो.

यादीत ज्याचं नाव लाल दिसतं त्याला मी सोमवारी दहाच्या आत फोन करतो. बहुतेकदा बटण राहिलेलं असतं. कधी फोन फुटलेला असतो, कधी माणूस आजारी असतो, आणि मग शेजारच्याला त्या भागात पाठवता येतं. उत्तरेकडच्या त्या पट्ट्यात आता नवा सहकारी आहे. गेले चौदा आठवडे त्याच्याकडून पाच ओळींत पाच शून्यं येतात, आणि नमुन्यादाखल त्याने तपासलेल्या कळपांची संख्या खाली लिहिलेली असते.