झाडं ओळखणारं अ‍ॅप आणि आमच्या अंगणातला 'बेल' : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

इंदिरानगरमधलं घर घेतलं तेव्हा कंपाउंडच्या भिंतीलगत पंधरा-सोळा फुटांचं एक झाड होतं. एका देठाला तीन पानं, म्हणून सगळ्यांनी त्याला बेल ठरवलं. सासूबाई तीन श्रावण त्याचीच पानं देवघरातल्या पिंडीवर वाहत आल्या. पंचवटीत कपालेश्वराला जातानाही परडीत तीच असायची. मला मात्र एक गोष्ट खटकायची, झाडाला काटा एकही नव्हता. म्हणून गेल्या जुलैत फोनवर झाडं ओळखणारं एक मोफत अ‍ॅप घेतलं.

पहिला फोटो संध्याकाळी, पानाचा काढला. उत्तर आलं : बेल. खाली दुसऱ्या क्रमांकावर 'क्रेटेव्हा' असं नाव होतं, ते मी वाचलंच नाही. नवीन वापरणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे, की यादी शेवटपर्यंत वाचा. समोर दिसणारी टक्केवारी फोटो किती जुळतो एवढंच सांगते. झाड तेच आहे याची ती खात्री नव्हे.

ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंनी पान चुरगळून नाकाशी धरलं. बेलाचा सुवास नाही, उलट उग्र दर्प. मग उन्हाकडे धरून पाहिलं. बेल हा लिंबू, कवठ, कढीपत्ता यांच्या कुळातला. त्याच्या पानात तेलाचे बारीक ठिपके उजेडात चमकतात. आमच्या पानात एकही नव्हता. शिवाय बेलाचं मधलं पान लांब देठावर पुढे असतं आणि बाजूची दोन मागे राहतात. इथे तिन्ही एकाच बिंदूतून फुटलेली. वास फोनला कळत नाही आणि उजेडाकडे पान धरायचं तो सुचवत नाही, ही या अ‍ॅपची खरी मर्यादा आहे.

जानेवारीअखेर झाड निष्पर्ण झालं. सालीचा फोटो टाकला तर पाच वेगवेगळी नावं आली. सालीवरून ओळखायला हे अ‍ॅप निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत.

दरवर्षी विजेच्या तारांमुळे आम्ही फेब्रुवारीत फांद्यांचे शेंडे छाटायचो. यंदा तारांकडची एकच फांदी काढली, बाकी झाड तसंच ठेवलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोवळ्या पालवीबरोबर शेंड्यांवर फुलांचे घोस आले! चार पाकळ्या, प्रत्येकीचं बूड देठासारखं निमुळतं. उमलताना पांढरी, मग पिवळट होत जाणारी. मधून मांजराच्या मिशांसारखे लांब जांभळट पुंकेसर. हे फूल शेंड्यावरच येतं, म्हणून इतकी वर्षं आम्हीच ते छाटून टाकत होतो. याचं मला फार वाईट वाटलं.

फुलाचा फोटो टाकताच उत्तर आलं : क्रेटेव्हा. म्हणजे आपला वायवर्ण, संस्कृतातला वरुण. वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या क्रेटेवास नावाच्या प्राचीन ग्रीक वैद्यावरून हे नाव पडलंय. मराठी नाव अ‍ॅपमध्ये नव्हतं, ते मला शोधावं लागलं. नेमकी जात कोणती, यावर अ‍ॅप दर वेळी वेगळं उत्तर देतं. पण जुन्या-नव्या पुस्तकांतही या जातींच्या नावांचा गोंधळ आहे, त्यामुळे तो दोष मी अ‍ॅपला देणार नाही.

सासूबाईंना सांगायला मी दोन दिवस घेतले. त्या फुलांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "महादेवाला पोचलंय ते. आता बेल वेगळा लावू." तो भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लावलाय, आता गुडघ्याएवढा आहे.

इतर वापराचं थोडक्यात : फुलझाडं आणि शोभेची झाडं अ‍ॅप चटकन ओळखतं, गवतांत हमखास चुकतं. इंटरनेट लागतंच. फोटो दिवसाउजेडी काढा, पान, फूल, फळ वेगवेगळं घ्या आणि प्रत्येक ऋतूत पुन्हा काढा. अ‍ॅपच्या भरवशावर काही खाऊ नका, औषध म्हणून तर नकोच. वायवर्णाची साल आयुर्वेदात मूतखड्यावर वापरतात, हे कळल्यावर गल्लीतून दोघं साल मागायला आले. मी दिली नाही, वैद्यांना विचारा म्हटलं.

पाचपैकी साडेतीन तारे. सध्या लांब देठांवर हिरवी गोल फळं धरली आहेत. पावसाळ्यात ती पिकतील तेव्हा त्यांचे फोटो टाकीन.