टपावरचं कॅरियर उतरवून आठ महिने झाले: आठ बोल्ट, एक फिरलेला नट आणि बाकीचा अनुभव

माझ्या एसयूव्हीला कंपनीतूनच टपावर कॅरियर बसवून आलं होतं. दोन बाजूंना लांब रेल आणि त्यांवर दोन आडवे बार. सात वर्षांत त्यावर सामान चढलं ते मोजून चार-पाच वेळा. बाकी सगळा काळ ते ऊन-पाऊस खात आणि वाऱ्यात घुमत बसलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मी ते घरीच उतरवलं, आणि मागच्या आठवड्यात त्याच बोल्टांनी पुन्हा बसवलं. कॅरियर नीट उतरलं का, हे ते परत बसवतानाच कळतं, म्हणून इतके दिवस काही लिहिलं नव्हतं.

आधीच्या गाडीचं कॅरियर मी एका गॅरेजमध्ये उतरवायला दिलं होतं. तिथे हवेची गन लावून पाच मिनिटांत काम उरकलं. दोन बोल्टांची डोकी तुटली आणि एक नट टपाच्या पत्र्यात गरगर फिरत राहिला. पुढच्या पावसात मागच्या सीटच्या वरचं अस्तर ओलं झालं. तो डाग गाडी विकेपर्यंत गेला नाही, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं. या वेळी एक बोल्ट निघायला एक दिवस लागला तरी चालेल, पण घाई करायची नाही, असं ठरवूनच सुरुवात केली.

एक गोष्ट समजली की बाकीचं सगळं सोपं होतं. बोल्ट तुटला तरी नवा मिळतो. जपायचा असतो तो खालचा नट. बऱ्याच गाड्यांमध्ये टपाच्या पत्र्याला भोक पाडून त्यात आट्यांची एक छोटी नळी दाबून बसवलेली असते, तिला रिव्हेट नट म्हणतात. वरून तिची कॉलर पत्र्यावर टेकते आणि खालून ती फुगवलेली असते. तेवढ्या पकडीवरच ती उभी असते. बोल्ट गंजाने नटाला धरून बसला आणि आपण जोर लावला, तर बोल्टाऐवजी नटच पत्र्यात फिरतो. मग तो पकडायचा तर आतलं अस्तर खाली घ्यावं लागतं. तिथेच दरवाजांच्या वर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे ते काम सहज हात घालण्यासारखं नाही.

पहिला अर्धा दिवस पान्याला हातच लावला नाही. टप धुतला, रेल टपावर जिथे टेकतात त्या पायांभोवती मास्किंग टेपचे तीन थर लावले आणि प्लॅस्टिकची टोपणं काढायला घेतली. टोपणांच्या आत बारीक नख्या असतात आणि जुनं प्लॅस्टिक थंडीत कडक होऊन त्या कटकन मोडतात. म्हणून दुपारच्या उन्हात, टोपणं हाताला कोमट लागू लागल्यावर, प्लॅस्टिकची पट्टी घालून एका कडेने हळूहळू उचलली. एकाची नखी तरीही मोडली. आठपैकी एक मोडली, याचं मला समाधान आहे.

टोपणाखाली बोल्टाचं डोकं दिसलं. सहा पाकळ्यांचं, ज्याला सगळे स्टार म्हणतात ते टॉर्क्स. पहिली मोठी चूक इथेच होते. टी-२७ चा बिट टी-३० च्या खाचेत जातो, बसल्यासारखाही वाटतो. पण टी-२७ टोकापासून टोकापर्यंत ४.९९ मिलिमीटर असतो आणि टी-३० ५.५२. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक जोर पडला की पाकळ्या खाऊन टाकतो. शिवाय सात वर्षांची माती त्या खाचेच्या तळाशी दगडासारखी बसलेली होती. मी दाभणाने ती कोरून काढली. प्रत्येक खाचेतून चिमूटभर तरी निघाली. ती काढल्यावर तोच बिट आणखी दीड-दोन मिलिमीटर आत गेला. मला विचाराल तर सगळ्या कामात सर्वात जास्त उपयोग या दाभणाचा झाला. बिट अर्धवट बसला की डोकं खराब होतं आणि दोष मात्र गंजाला लागतो.

मग गंज सोडवणारं तेल. प्रत्येक बोल्टाच्या कडेने दोन-दोन थेंब टाकले आणि रात्रभर ठेवलं. दहा मिनिटांत कुठलंही तेल आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. सकाळी आणखी एकदा. रेलचा पाय अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा असला की ओलाव्यात दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत क्रिया सुरू होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी बोल्टाभोवती घट्ट बसते. माझ्या गाडीच्या रेलच्या मागच्या दोन्ही पायांत ती स्पष्ट दिसत होती, पिठासारखी.

गन नाही आणि लांब दांड्याचा पानाही नाही. मी टी आकाराचं हँडल वापरलं, कारण त्याने बोल्ट काय म्हणतोय ते हाताला कळतं. आधी किंचित घट्ट करायचं, अगदी केसभर, आणि मग सोडवायचं. चांगला सुटणारा बोल्ट एक कोरडा, स्वच्छ ‘कट्ट’ आवाज देतो आणि मोकळा होतो. ज्या बोल्टात रबरासारखं वाटतं, म्हणजे हँडल फिरतं आणि सोडलं की मागे येतं, तिथे लगेच थांबायचं. तिथे बोल्ट पिळला जातोय किंवा खालचा नट हलतोय.

हे ओळखायला मी एक साधा हिशोब ठेवला होता. एम-६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या, बोल्टाच्या आट्यांची चाल (एका फेरीत तो जितका वर-खाली सरकतो ते अंतर) एक मिलिमीटर असते, म्हणजे दोन फेऱ्यांत डोकं दोन मिलिमीटर वर यायलाच हवं. एम-८ असेल तर अडीच. म्हणून प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, दोन फेऱ्या मोजल्या आणि पट्टीने उंची पाहिली. पाच बोल्ट बरोबर वर आले. एक पाव फेरी बाहेर, अर्धी पाव आत, पुन्हा बाहेर, असं करत काढले. चुईचुई आवाज आला की थांबून आणखी एक थेंब तेल. दोन बोल्टांवर निळसर गोंद लागलेला होता. हा मध्यम ताकदीचा आटे-गोंद हाताच्या हत्यारांनी सुटतो, फक्त शेवटपर्यंत जड जातो. त्याला गंज समजून घाबरू नये. तरीही तो हट्ट करत असेल तर बोल्टाच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न दोन-तीन मिनिटं टेकवायचं. उष्णता थेट बोल्टात जाते आणि रंगाला फारशी झळ लागत नाही. टपावर ज्योत किंवा हीट गन मात्र नको. खाली एअरबॅग आहे, अस्तर आहे.

सहावा बोल्ट, डाव्या बाजूचा मागचा. दोन फेऱ्या झाल्या आणि डोकं जागेवरच. नट फिरत होता. पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. थोडा वेळ खाली उतरून बसलो. मग रेलचे बाकीचे बोल्ट सैल असल्याने त्या पायाखाली प्लॅस्टिकच्या दोन पाचरी सरकवता आल्या. पाचरींमुळे पाय वर उचलला जातो, पाय बोल्टाला वर ओढतो, बोल्ट नटाला, आणि नटाचा फुगलेला भाग पत्र्याच्या खालच्या बाजूला आवळून बसतो. त्या ताणात नटाला फिरायला जागा राहत नाही. पाचरी थोड्या आवळायच्या, पाव फेरी सोडवायचं, पुन्हा आवळायच्या. पत्रा वाकू नये म्हणून ओढ अगदी बेताची ठेवली. पाऊण तास लागला, पण बोल्ट पूर्ण बाहेर आला आणि पत्र्यावर ओरखडा नाही.

तो सैल नट तसाच सोडला असता तर पुढे पाणी गळलं असतं. त्यासाठी रिव्हेट नटाची गन मिळते. माझ्याकडे नव्हती, म्हणून एक लांब एम-६ बोल्ट घेतला, त्यावर एक नट आणि जाड वॉशर चढवला आणि बोल्ट टपातल्या नटात पुरेसा आत फिरवला. मग बोल्टाचं डोकं एका पान्याने स्थिर धरून वरचा नट दुसऱ्या पान्याने खाली आवळला. बोल्ट वर ओढला जातो आणि सैल नट पुन्हा पत्र्याला चिकटून फुगतो. बोल्ट जराही फिरू द्यायचा नाही, ही यातली गोम. अर्ध्या फेरीतच नट घट्ट झाल्याचं जाणवलं. तिथेच थांबलो, कारण जास्त ओढलं तर आतले आटेच उपटतात.

सुटे झालेले बोल्ट डब्यात एकत्र टाकू नका. मी पुठ्ठ्यावर टपाचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवला. पुढचे बोल्ट मागच्यांपेक्षा चार मिलिमीटरने आखूड निघाले. लांब बोल्ट आखूड जागी गेला असता तर आत कुठे टेकला असता, देव जाणे.

आता उघडी भोकं. इथे माझी चूक झाली आणि ती सांगायलाच हवी. घरात असलेलं सिलिकॉन लावून मी रबरी वॉशरसहित तेच बोल्ट परत भोकांत बसवले. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास होता. तो वास म्हणजे ते सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं, आणि ते आम्ल उघड्या धातूला गंजवतं. दोन महिन्यांनी सहज पाहिलं तर दोन बोल्टांभोवती तपकिरी कड दिसू लागली होती. सगळं खरवडून काढलं, भोकांच्या कडांना टचअपचा रंग लावला, तो दोन दिवस वाळू दिला आणि या वेळी वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन वापरलं. वॉशरखाली ब्यूटिल टेपचं, म्हणजे चिकट रबरी पट्टीचं, पातळ कडंही दिलं. त्यानंतर सहा महिन्यांत एकही डाग नाही.

पाण्याची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी घ्या. बायको आत टॉर्च घेऊन बसली आणि मी नळी हळू सोडून एकेक भोक भिजवत गेलो, उताराच्या खालच्या बाजूने सुरू करून वर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे पसरतं आणि नेमकं कुठलं भोक गळतंय ते कळत नाही. वरच्या हँडलच्या कव्हरमागे कागदी रुमाल खोचून ठेवला तर ओल लगेच दिसते.

रंगाचं काय? रेलचे पाय जिथे होते तिथे ठसे राहिले. कडेची मळाची काळी रेघ क्ले बार (रंगावरचा मळ ओढून काढणारी मऊ वडी) आणि पॉलिशने गेली. आतला रंग मात्र बाकी टपापेक्षा जरा गडद आहे, कारण त्याने सात वर्षं ऊनच पाहिलं नाही. आठ महिन्यांत तो फरक थोडा कमी झालाय, गेलेला नाही. मला चालतं.

फायदा काय झाला हे लोक सगळ्यात आधी विचारतात. आवाज, नक्कीच. ताशी ९० च्या आसपास डोक्यावर जी एकसुरी ‘घूं’ ऐकू यायची ती गेली. तिच्यामागचं गणित मला फार आवडतं. आडव्या दांड्यामागे हवेचे भोवरे आळीपाळीने सुटतात. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्त्रोहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवर याचा अभ्यास केला. गोल दांड्यासाठी सुराची वारंवारता साधारण वेगाच्या ०.२ पट भागिले जाडी इतकी येते. तीन सेंटिमीटर जाड बार आणि सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, धरला तर सुमारे १६७ हर्ट्झ. माझा बार गोल नाही, चपटा आहे, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू पडणार नाही, पण तो खर्जातला सूर का यायचा हे कळलं.

मायलेजबद्दल मोठा दावा करणार नाही. माझ्या टाकी-दर-टाकी नोंदींत फरक इतका लहान आहे की तो वाहतुकीचा की कॅरियरचा हे सांगता येत नाही. उंची मात्र नऊ सेंटिमीटरने कमी झाली आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना मान आत घ्यावी लागत नाही. टप धुणं तर फारच सोपं झालं.

म्हणून माझं प्रामाणिक मत: त्रास फक्त आवाजाचा असेल तर नुसते आडवे बार काढा, रेल राहू द्या. बारांचे बोल्ट बहुतेक गाड्यांत रेललाच असतात, टपाच्या पत्र्याला नाही. त्यात काही बिघडलं तरी पाणी आत येत नाही. रेलही काढायचे असतील तर वर लिहिलेली सगळी सावधगिरी लागते आणि दोन पूर्ण दिवस बाजूला ठेवावे लागतात.

मागच्या आठवड्यात घरासाठी लांब शिडी आणायची होती म्हणून कॅरियर परत बसवलं. भोकं साफ केली, सिलिकॉनचे कण काढले, नवे रबरी गॅस्केट लावले. आठही बोल्ट आधी बोटांनी फिरवले, पाना न घेता. एकही अडला नाही, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा आनंद होता. मग मध्यम आटे-गोंदाचा एकेक थेंब लावून सगळे थोडे थोडे, आलटून पालटून आवळले आणि शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर पडला की ‘खट्’ आवाज करणारा पाना, माझ्या गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, आठ न्यूटन-मीटरवर, लावून पक्के केले. सहाव्याशी पोचलो तेव्हा हात आपोआप हळू झाला. पाना खटकला. बोल्टाच्या डोक्यावर आणि रेलच्या पायावर मिळून एक नवी पांढरी रेघ मारली. शिडी आणून, शंभरेक किलोमीटर गाडी चालवून परत वर चढून पाहिलं, तर रेघ जिथल्या तिथे, सरळ.