डेल्फ्टचा शेवटचा दिवस: निळी ताटली, रुपयांतलं बिल आणि रॅकवरची बॅग

मुलगा किंवा मुलगी डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात शिकत असते. आईबाबा आणि धाकटं भावंड चार-पाच दिवसांसाठी येतात. रॉटरडॅम, हेग, अॅम्स्टरडॅम बघून होतं आणि खरेदी मात्र शेवटच्या दिवसावर ढकलली जाते. विमान रात्रीचं, हॉटेल सकाळीच सोडलेलं, बॅगा मुलाच्या खोलीवर, हातात जेमतेम चार तास. या चार तासांत होणारी फसवणूक ठरलेल्या साच्यातली असते, कारण समोरच्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ही मंडळी उद्या भांडायला परत येणार नाहीत.

सुरुवात बहुधा मार्क्टवर होते. मार्क्ट म्हणजे गावातला मोठा चौक. एका टोकाला न्यूवे केर्क या चर्चचा उंच मनोरा, दुसऱ्या टोकाला नगरभवन, मधे निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या वस्तूंनी भरलेली दुकानं. पवनचक्की काढलेली ताटली उचलली की विक्रेता ती उलटी करून दाखवतो. मागे लिहिलेलं असतं: ‘डेल्फ्ट ब्लू, हँडपेंटेड’. बाबांना तेवढं पुरतं.

त्या शब्दांना खरं तर काहीच वजन नाही. ‘डेल्फ्ट ब्लू’ किंवा ‘डेल्फ्ट्स ब्लाऊ’ हे नाव कायद्याने राखीव नाही. कुठल्याही देशात, कुठल्याही यंत्रावर छापलेल्या वस्तूवर ते लिहिता येतं. ‘हँडपेंटेड’ची गंमत वेगळीच. काही वस्तूंवर सगळी नक्षी छापील असते आणि काठाची एकच निळी रेघ हाताने ओढलेली. काहींवर बाह्यरेषा छापून आत रंग हाताने भरलेला असतो. विक्रेता सपशेल खोटं बोलत नाही, म्हणून तर तो सापडत नाही.

खरं काम कसं होतं ते ठाऊक असलं की फरक डोळ्यांनाच दिसतो. मातीची वस्तू एकदा भाजली की तिच्यावर टोचून भोकं पाडलेला कागद ठेवतात आणि वरून कोळशाची पूड थोपटतात. आपल्याकडे रांगोळीचा छाप वापरतात तसंच हे. उमटलेल्या ठिपक्यांच्या आधाराने कोबाल्ट ऑक्साइडच्या रंगाने चित्र काढतात. लावताना हा रंग काळपट दिसतो. मग वस्तूला झिलई देऊन ती पुन्हा भट्टीत जाते आणि तिथल्या हजाराहून जास्त अंश तापमानात काळ्याचा निळा होतो. ब्रशमध्ये पाणी किती, हात किती दाबला, यावर त्या निळ्याच्या छटा ठरतात. म्हणून हाताच्या कामात एकाच ढगात चार निळे दिसतात आणि ब्रशचा फटकारा दुसऱ्या फटकाऱ्यावरून गेला असेल तिथे गडद पट्टा येतो.

दुकानात उभ्याउभ्या करायची तपासणी अशी. एकाच चित्राच्या दोन ताटल्या मागून घ्या आणि शेजारीशेजारी धरा. पवनचक्कीच्या पात्यांतल्या जाळीच्या रेघा मोजा. दोन्हींत तितक्याच, तितक्याच अंतरावर आणि त्याच ठिकाणी तुटलेल्या असतील, तर छाप आहे. मग फोनचा कॅमेरा पूर्ण झूम करून सावलीच्या भागावर न्या. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके दिसले की संपलं. फुलदाणी असेल तर ती सावकाश फिरवा. छापाचा कागद जिथे जिथे जुळवलेला असतो तिथे वेलीचा एखादा देठ अर्धा कापल्यासारखा दिसतो किंवा एक रेघ दुसरीवर चढलेली असते. हाताने काढणारा माणूस वेल अशी मधेच तोडत नाही.

शेवटी बूड पाहा. रॉयल डेल्फ्ट हा १६५३ चा कारखाना, सतराव्या शतकातल्या त्या गावच्या कारखान्यांपैकी आजवर चालू राहिलेला एकमेव. त्याच्या हस्तरंगित वस्तूच्या बुडावर छोट्या भांड्याचं चित्र, त्याखाली ‘जेटी’ ही एकमेकांत गुंतवलेली अक्षरं आणि ‘डेल्फ्ट’ हा शब्द असतो. सोबत वर्षाचं सांकेतिक अक्षर आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरंही असतात. हे सगळं ब्रशने लिहिलेलं असतं, त्यामुळे थोडं वाकडंतिकडं. छापील मालिका या कारखान्याकडेही आहे, पण ती छापील म्हणूनच आणि त्या भावात विकली जाते. गावाजवळच दे डेल्फ्ट्से पाऊ हा दुसरा कारखाना आहे. तिथे रंगकाम चाललेलं समोर बघता येतं. ज्यांना खरी वस्तू हवी त्यांनी या दोन्हींपैकी एका ठिकाणी आदल्या दिवशी अर्धा तास घालवावा. मग मार्क्टवरची पंचवीस युरोंची ‘हातरंगी’ मोठी ताटली लांबूनच ओळखू येते. छापील ताटली घेण्यात काही कमीपणा नाही, शेजाऱ्यांना द्यायला ती उत्तमच. पैसे मात्र छापाचेच द्यावेत.

तरीही घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याला पावतीवर ‘हांडखेस्खिल्डर्ड’ असा शब्द लिहून द्यायला सांगा. हाताने रंगवलेलं, असा त्याचा अर्थ. लिहायला काचकूच केली तर उत्तर मिळालंच. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू नुसती मनातून उतरली म्हणून परत करायचा हक्क तिथल्या कायद्यात नाही. चौदा दिवसांची मुदत असते ती ऑनलाइन खरेदीला. चुकीचं वर्णन करून विकली असेल तर भांडता येतं, पण त्यासाठी ते वर्णन कागदावर हवं.

आता पैसे देण्याची वेळ. यंत्रावर भारतीय कार्ड टेकवलं की पडद्यावर दोन आकडे येतात: युरोत आणि रुपयांत. रुपयांचं बटण मोठं किंवा हिरवं असतं. कधी विक्रेताच यंत्र आपल्याकडे वळवून घेतो आणि ‘तुमच्या सोयीसाठी’ ते दाबून मोकळा होतो. समजा युरोचा भाव १०० रुपये आहे आणि बिल १८० युरोंचं आहे. यंत्राने १०६ चा भाव लावला तर १८,००० च्या जागी १९,०८० रुपये जातात. आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क तरी वाचेल, अशी समजूत असते. पण परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही काही भारतीय बँका वेगळं शुल्क लावतात, म्हणजे दोन्हीकडून कात्री. नेहमी युरोच निवडायचा. रुपयांचं बटण दाबलं गेलं असेल तर पिन टाकण्याआधी व्यवहार रद्द करायला सांगायचं. रोख काढायची असेल तर डच बँकांचं सामाईक पिवळं गेल्डमाट यंत्र शोधावं. पर्यटकांच्या गल्लीतली इतर यंत्रं स्वतःचं शुल्कही घेतात आणि ‘रूपांतरित भाव’ स्वीकारायलाही सुचवतात. तिथे ‘रूपांतर नको’ हा पर्याय असतो, बारीक अक्षरात का होईना.

‘टॅक्स फ्री करून देतो’ हे वाक्य ऐकलं की खिशातून आणखी पन्नास युरो सहज निघतात. नेदरलँडमध्ये अशा वस्तूंवर २१ टक्के बीटीडब्ल्यू, म्हणजे तिथला व्हॅट, किमतीतच धरलेला असतो. १८० युरोंच्या बिलात तो ३१ युरोंच्या आसपास होतो. परत मिळतो तो मध्यस्थ कंपनीचं कमिशन जाऊन. त्यासाठी एका पावतीवर किमान ५० युरोंची खरेदी आणि पासपोर्ट क्रमांक घातलेला रीतसर फॉर्म लागतो. साध्या छापील पावतीवर काहीही मिळत नाही. पुष्कळ कुटुंबांच्या हातात नेमकी तीच असते आणि दुकानदार ‘विमानतळावर दाखवा’ म्हणून सांगून मोकळा झालेला असतो. दुसरी चूक घरचीच. पावती मुलाच्या नावावर केली जाते, कारण डच त्याला कळतं. तो तिथे रहिवासी परवान्यावर राहतो, म्हणून त्याला हा परतावा लागू नाही. बिल आणि फॉर्म भारतात राहणाऱ्या आईच्या किंवा बाबांच्या नावाचाच हवा. आणि कस्टम्सचा शिक्का बॅगा चेक-इन करायच्या आधी घ्यायचा, वस्तू न वापरलेली आणि दाखवता येईल अशी ठेवून. बॅग पट्ट्यावरून गेल्यावर अधिकाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.

ट्युलिपच्या कंदांबद्दल जरा कठोरच बोलायला हवं. कंद जमिनीत जातात शरद ऋतूत. मग बारा-चौदा आठवडे कडक थंडी मिळाली तर वसंतात फूल. काढणी जूनच्या सुमारास. तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुकानात जाळीच्या पिशवीत कोरडे कंद मिळत असतील, तर ते आदल्या वर्षीचे, मरत आलेले. अॅम्स्टरडॅमच्या प्रसिद्ध फूलबाजारात चाचणीसाठी विकत घेतलेल्या कंदांपैकी अगदी मोजक्यांनाच फुलं आल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली होती. पिशवीवरचा फोटो रंगीबेरंगी, आतले कंद लहान आणि दाबल्यावर मऊ. शिवाय भारतात लागवडीचे कंद आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवाना लागतो. विक्रेत्याचं ‘एक्स्पोर्ट’ असं स्टिकर मुंबई विमानतळावर पुरत नाही. आणि पुण्याच्या गॅलरीत बारा आठवडे थंडी आणायची कुठून?

चीजच्या दुकानात फसवणुकीपेक्षा घोळ जास्त. ‘ओन्स’ म्हणजे १०० ग्रॅम आणि ‘पोंड’ म्हणजे ५०० ग्रॅम. पाटीवरचा आकडा ओन्सचा असतो आणि आपण तो अख्ख्या तुकड्याचा समजतो. घरी कुणी कडक शाकाहारी असेल तर ‘स्ट्रेम्सेल’, म्हणजे दूध गोठवायला घालतात ते द्रव्य, कोणतं ते विचारा. पुष्कळ चीजमध्ये ते प्राण्याचं असतं.

संध्याकाळी स्टेशन. डेल्फ्टचं स्टेशन जमिनीखाली आहे. तिथून हेग आणि लायडेनवरून स्किपोल विमानतळाला साधारण पाऊण तास लागतो. बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं आणि रूपे चालत नाही. भारतीय कार्डावर परदेशी आणि संपर्करहित व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करावे लागतात. ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडायचं. त्याच खात्याचं फोनमधलं कार्ड यंत्राला वेगळं वाटतं, आणि बाहेर पडताना टेकवलंच नाही तर रेल्वे २० युरोंपर्यंत कापते. तिकिटाच्या यंत्रापाशी ‘मदत करतो’ म्हणत कुणी जवळ आलं तर पिन टाकू नका. पिन बघून ठेवायचा आणि पुढच्या गर्दीत पाकीट काढायचं, ही जोडकामं आहेत.

स्किपोलच्या आसपास धावणाऱ्या गाड्यांतली खरी चोरी अशी होते. गाडी स्टेशनात उभी आहे. फलाटावरून कुणी खिडकीच्या काचेवर टकटक करतो, हातवारे करून काही विचारतो. चौघंही खिडकीकडे वळतात. तेवढ्यात मागून दुसरा रॅकवरची सॅक उचलतो, शिट्टी वाजते, दार बंद होता होता तो बाहेर. कधी टकटकीऐवजी नाणी सांडतात, कधी नकाशा समोर धरतात. मोठ्या सुटकेसला सहसा कुणी हात लावत नाही. जाते ती पासपोर्ट आणि लॅपटॉपची सॅक, कारण नेमकी तीच डोक्यावर ठेवलेली असते. ती मांडीवर, पट्टा हातात गुंडाळून. आणि गाडी उभी असताना एकाने खिडकीकडे बघायचंच नाही, बाकीच्या तिघांनी काय हवं ते बघावं.

गेलीच, तर आधी बँकेच्या अॅपमधून कार्डं बंद करा, मग पोलीस. धोका किंवा जखम असेल तर ११२, नाहीतर ०९००-८८४४, भारतीय सिमवरून +३१ ३४ ३५७ ८८४४. स्किपोलच्या आवारात मारेशोसे हे दल पोलिसांचं काम करतं. नोंदवलेल्या तक्रारीला ‘आंगिफ्ते’ म्हणतात. तिची प्रत मागून घ्या, विम्याच्या दाव्याला तीच लागते. पासपोर्ट गेला असेल तर त्या रात्रीचं विमान सोडून द्यायचं. हेगला भारतीय दूतावास आहे. परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र तिथून मिळतं, आणि त्याच्या अर्जासोबतही हीच प्रत जोडायची असते.