कार्पल टनेलसाठी रात्रीचा स्प्लिंट: पाच महिन्यांच्या वापरानंतर

स्प्लिंट म्हणजे मनगट दुमडू न देणारा आधार. तो खोक्यातून काढला तसाच बांधला तर निम्मा उपयोग वाया जातो. तळहाताच्या बाजूला कप्प्यात ॲल्युमिनियमची पट्टी असते, ती मनगटापाशी 20-30 अंश मागे वाकवलेली येते. आधी ती बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून तेवढा बाक सरळ करा आणि परत सरकवा. तळव्याकडचा हलका खोलगटपणा मात्र तसाच राहू द्या.

मनगटातल्या अरुंद बोगद्यातून, म्हणजे कार्पल टनेलमधून, बोटं मिटवणाऱ्या 9 कंडरा आणि मीडियन नर्व्ह ही नस दाटीवाटीने जातात; ती नस दाबली गेली की हाताला मुंग्या येतात, तेच हे दुखणं. मनगट पुढे दुमडलं काय किंवा मागे झुकलं काय, आतला दाब वाढतोच; सरळ ठेवलं की सगळ्यात कमी. झोपेत हात उशीखाली दुमडला जातो, म्हणून तर पहाटे मुंग्या येऊन हात झटकत उठावं लागतं.

मधला पट्टा मनगटावरच येतो. तो करकचून आवळला की बाहेरून दाब पडून मुंग्या उलट वाढतात. खालून एक बोट सहज सरकलं पाहिजे. पुढची कड बोटं जिथून दुमडतात त्या रेषेच्या अलीकडे संपायला हवी. मूठ पूर्ण वळत नसेल तर माप चुकलंय.

फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पण रोज रात्री न चुकता सहा आठवडे बांधल्याशिवाय निकाल लावू नये. दिवसा कणीक मळताना किंवा टायपिंग करताना घालून फायदा नाही: मनगट पट्टीशी झगडतं आणि ताण कोपर-खांद्यावर जातो.

मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात असतील तरच हा उपाय. फक्त करंगळी बधिर होत असेल तर दुखणं दुसऱ्याच नसेचं किंवा मानेचं असू शकतं. शर्टाचं बटण लावता येईना, अंगठ्याखालचा उंचवटा बसलेला दिसला किंवा बधिरपणा दिवसरात्र राहिला, तर स्प्लिंटवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. ते नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून संदेश नीट जातो का याची तपासणी) सांगतील. शुगर आणि थायरॉइडही तपासून घ्या, दोन्हींचा या दुखण्याशी संबंध आहे.

कुरकुरी आहेतच. वेल्क्रोत चादरीचे धागे अडकून पकड सुटते. जुन्या टूथब्रशने खरवडलं की पुन्हा धरतं. पावसाळ्यात धुतलेलं कापड दोन दिवस ओलं राहतं, त्यामुळे आतून जुन्या सुती मोज्याचा बोटांकडचा भाग कापून टाकून उरलेला मोजा घालावा आणि मोजाच रोज धुवावा. अंगठ्याच्या बेचक्यात शिवण घासते, तिथेही तोच मोजा कामी येतो. पाचापैकी चार तारे. पाचवा कापला, कारण पट्टी सरळ करायची असते हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही.