गोल्डस्मिथ की शेरिडन? अनुवादासाठी जुनी इंग्रजी सुखात्मिका निवडताना

अठराव्या शतकातील एखादी इंग्रजी सुखात्मिका मराठीत आणण्याचे मनावर घेतलेल्या अनुवादकापुढे बहुधा दोन नावे येतात: ऑलिव्हर गोल्डस्मिथचे ‘शी स्टूप्स टू कॉन्कर’ आणि रिचर्ड ब्रिन्स्ले शेरिडनचे ‘द स्कूल फॉर स्कँडल’. दोन्ही नाटके पाच अंकी आहेत, दोन्ही लंडनमध्ये रंगभूमीवर आली आणि त्यांच्या पहिल्या प्रयोगांत जेमतेम चार वर्षांचे अंतर आहे. कथानक, पात्रांची संख्या, संवादांची चमक यांचा विचार सगळेच करतात. नाटक छापले कसे गेले, हे मात्र सहसा काम निम्म्यावर आल्यावर आणि हातातल्या दोन प्रतींतली वाक्ये जुळेनाशी झाल्यावर शोधले जाते.

गोल्डस्मिथच्या बाबतीत हा त्रास जवळजवळ नाही. १५ मार्च १७७३ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला प्रयोग झाला, तोही रडतखडत. व्यवस्थापक जॉर्ज कोलमन यांना नाटक पडणार असेच वाटत होते आणि त्यांना राजी करण्यासाठी त्या काळचे नामवंत साहित्यिक डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांना मध्ये पडावे लागले. नावाजलेल्या नटांनी भूमिका नाकारल्या, म्हणून नायक मार्लोची भूमिका लुईस नावाच्या, मूकनाट्यात विदूषकी करणाऱ्या नटाकडे गेली. नाटक मात्र चालले, त्याच वर्षी जॉन्सन यांना अर्पण करून छापलेही गेले आणि ती छपाई लेखकाच्या हयातीत, त्याच्या संमतीने झाली. नायिका केटची भूमिका करणाऱ्या मिसेस बल्कली यांना गाता येत नव्हते, म्हणून तिच्यासाठी लिहिलेले एक गीत वगळले गेले. गोल्डस्मिथ १७७४ मध्ये वारल्यावर जॉन्सन यांचा चरित्रकार बॉझवेल याने ते छापून आणले. नाट्यगीताला सरावलेल्या मराठी प्रेक्षकासाठी अनुवादकाने ते गीत खुशाल परत आणावे, असे मला वाटते.

शेरिडनचे प्रकरण अगदी वेगळे आहे. ‘स्कूल’चा पहिला प्रयोग ८ मे १७७७ रोजी ड्रुरी लेनमध्ये झाला, तेव्हा लेखक स्वतःच त्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता. हस्तलिखिताच्या शेवटी त्याने ‘अखेर संपले, देवाची कृपा’ असे लिहिले आणि त्याखाली प्रॉम्प्टर हॉपकिन्सने ‘आमेन’ अशी जोड दिली. नटांच्या हाती नक्कल किती उशिरा पडली असेल, याची कल्पना त्या एका शब्दावरून येते. त्यातच प्रयोगाच्या तोंडावर परवान्याची अडचण उभी राहिली, कारण सावकारीचा प्रसंग शहरातल्या एका निवडणुकीच्या उमेदवाराला झोंबणारा आहे, असे मानले गेले. यश मात्र असे मिळाले की चौथ्या अंकात खोलीतला आडोशाचा पडदा कोसळून त्यामागे लपलेली लेडी टीझल दिसते त्या क्षणाचा गजर बाहेरून जाणाऱ्या फ्रेडरिक रेनल्ड्स या मुलाने ऐकला आणि इमारतच कोसळते आहे असे समजून तो जिवाच्या भीतीने पळत सुटला.

एवढे गाजलेले नाटक शेरिडनने स्वतः कधीच छापले नाही. यात आळस होताच, पण हिशेबही होता. नाटकाच्या प्रयोगांवर लेखकाचा हक्क सांगणारा कायदा इंग्लंडमध्ये १८३३ मध्ये आला. तोवर छापलेले नाटक कुठल्याही मंडळीला उचलता येई, म्हणून नाट्यगृहाच्या मालकाला संहिता कपाटात ठेवणेच परवडत असे. आयर्लंडला लंडनचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा १८०१ पर्यंत लागू नव्हता, त्यामुळे डब्लिनमध्ये आवृत्त्या निघत राहिल्या. शेरिडनने बहिणीला तिथल्या नाट्यगृहाला विकून पैसे मिळवता यावेत म्हणून एक प्रत पाठवली होती आणि डब्लिनची एक बरी आवृत्ती तिच्यावरून निघाली, असे त्याचा चरित्रकार टॉमस मूर सांगतो. लंडनच्या एका प्रकाशकाने मागणी केली, तेव्हा एकोणीस वर्षे झाली तरी भाषेबद्दल आपले समाधान झालेले नाही, असे उत्तर मिळाले, हेही मूरनेच नोंदवले आहे. शेरिडनने आपल्या स्नेही मिसेस क्रू यांना भेट दिलेली हस्तलिखित प्रत वेगळीच. म्हणून ‘स्कूल’ निवडणाऱ्याने बाजारात मिळेल ती शालेय आवृत्ती घेऊ नये. सेसिल प्राइस यांनी संपादित केलेले, १९७३ मध्ये ऑक्सफर्डमधून निघालेले खंड आधी मिळवावेत आणि कोणता पाठ धरायचा ते ठरवूनच पहिले वाक्य लिहावे.

रंगमंचाच्या दृष्टीनेही गोल्डस्मिथ सोपा आहे. जवळपास सगळे एका घरात घडते आणि विनोद शब्दांपेक्षा प्रसंगावर उभा आहे: पहिल्या भेटीत लाजून मार्लो केटच्या तोंडाकडे पाहतच नाही, म्हणून पुढे ती खानावळीतली पोरगी बनून आली तरी त्याला ओळखू येत नाही. हे मराठीत सहज उतरते. शेरिडनची चहाडखोर मंडळी मात्र वाक्यावाक्याला धार लावून बोलतात आणि ती धार राखायला अनुवादकाची हाडे मऊ होतात.

पूर्वजांच्या तसबिरी विकण्याचा ‘स्कूल’मधला प्रसंग वाचून काहींना देवलांचा ‘तसबिरीचा घोटाळा’ आठवतो. तो संबंध नाही. देवलांचे हे नाटक, म्हणजे पुढचे ‘संशयकल्लोळ’, आर्थर मर्फीच्या १७६१ च्या ‘ऑल इन द राँग’वरून आलेले आहे आणि मर्फीचे मोलियरवरून.

पहिलेच काम असेल तर मी गोल्डस्मिथ घ्यायला सांगेन. शेरिडनच हवा असेल, पण पाठभेदांचा व्याप नको असेल, तर त्याचेच ‘द रायव्हल्स’ पाहावे. १७ जानेवारी १७७५ चा त्याचा पहिला प्रयोग पडला, शेरिडनने अकरा दिवसांत काटछाट करून तो पुन्हा उभा केला आणि ही सुधारलेली संहिता त्याच वर्षी छापली गेली. पडलेल्या प्रयोगाची परवान्यासाठी दाखल केलेली प्रत कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात शाबूत आहे, त्यामुळे शेरिडनने नेमके काय कापले, तेही ताडून पाहता येते.